सकाळी रागावणारी पेटी

सांत्वनाला माणसं येतात, हे मुहय्योला ठाऊक होतं. ती दाराशी बूट काढतात, भिंतीकडेच्या गादीवर बसतात, तळवे उघडून दुवा वाचतात, नानचा तुकडा मोडतात, चहाचे दोन घोट घेतात आणि गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द चांगले बोलून उठतात. नवीन एवढंच होतं, की उठल्यावर, एक पाय बुटात आणि एक बाहेर अशा अवस्थेत, आवाज खाली आणून ती विचारत, "आणि ते इंटरनेटचं काय झालं?"

पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा तिला राग आला. पुढे पुढे तिला वाटू लागलं, की निदान एवढा प्रश्न तरी खरा आहे. बाकी सगळं पाठ केलेलं असतं.

तिचे वडील इस्मातुल्ला, सगळ्यांचे इस्मात आका म्हणजे इस्मातदादा, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. ताश्कंदात त्या वर्षांत इंटरनेट मापून मिळायचं आणि त्याचं मापही सोनाराकडचं असायचं. एकट्यादुकट्याला परवडत नसे. म्हणून त्यांनी एक लाइन घेतली, स्वतःच्या छोट्या खोलीत एक जुनी पेटी मांडली आणि पाचव्या मजल्यापासून तळापर्यंत जिन्यातून वायरी सोडून घराघराला इंटरनेट दिलं. जिन्यातल्या कुणालाही बाहेरचं काही हवं असेल तर त्याने आधी पेटीला विचारायचं, मग पेटी बाहेर जाऊन ते आणणार. अशा पेटीला प्रॉक्सी म्हणतात. इस्मात आका तिला 'दारावरची म्हातारी' म्हणायचे. तिला विचारल्याशिवाय कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही.

ते गेले आणि म्हातारी बिघडली.

मुहय्यो एका प्रकाशनात मुद्रितं तपासायची. दुसऱ्याच्या चुका शोधणं हाच तिचा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे ही चूकही आपल्याला सापडेल असं तिला वाटलं. तिने जिन्यातली वायर वरपासून खालपर्यंत हाताने चाचपली. दुसऱ्या मजल्यावर वायरीवर कुणीतरी पायपुसणी वाळत घातली होती, ती काढली. तिसऱ्या मजल्यावर वायरीला लाल मिरच्यांची माळ टांगलेली होती, तीही काढली. मिरच्यांची मालकीण दारात आली, "वाळल्या नव्हत्या अजून," म्हणाली आणि लगेच आठवण होऊन डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावून रडली. मुहय्योने माळ पुन्हा टांगली.

सल्ल्यांना तोटा नव्हता. पहिल्या मजल्यावरचे गेन्नादी पाव्लोविच म्हणजे एकेकाळचे रेल्वेतले सिग्नलवाले. पत्नी गेल्यापासून दिवसभर इंटरनेटवर अनोळखी माणसांशी बुद्धिबळ खेळायचे. त्यांचं मत असं, की यंत्राच्या उजव्या कुशीत एक लाथ घातली की ते ताळ्यावर येतं. "डाव्या नाही, उजव्या," ते बजावून सांगत. मोहल्ला समितीचे अध्यक्ष तोलागान आका यांचा पुतण्या जमोल संगणकाच्या दुकानात बसायचा. त्याने वायरीला हातही न लावता निदान केलं, "व्हायरस आहे. सगळं पुसायचं आणि नवीन टाकायचं. दोन तासांचं काम." सलोमत आत्या, म्हणजे इस्मात आकांची थोरली बहीण, चाळिसावा दिवस होईपर्यंत राहायला आलेली. ती चहा ओतता ओतता म्हणाली, "माणूस गेलं की त्याच्या हातची रोपंसुद्धा सुकतात. हे तर लोखंड."

खरं तर कुणीही शहाण्या माणसाने सगळ्यात आधी जाऊन पेटी पाहिली असती. मुहय्योने पेटी सोडून सगळं पाहिलं. पेटी वडलांच्या खोलीत होती आणि तिला त्या खोलीत जायचं नव्हतं. खोलीत त्यांचा चष्मा होता, अर्धं सोललेलं डाळिंब कुणी फेकलं की नाही हे तिला माहीत नव्हतं आणि विचारायचं नव्हतं. दार लोटलेलं असे. दिवसा आतून पेटीची घरघर ऐकू यायची. घरघर चालू आहे म्हणजे पेटी चालू आहे, असं तिने स्वतःला समजावलं आणि दोष लाइनीवर ढकलला.

लाइनीसाठी ती टेलिफोन कचेरीत गेली. खिडकीतल्या बाईंनी नाव ऐकलं आणि चष्मा काढला.

"इस्मात आकांची लाइन? अगं, मी त्यांच्या हाताखाली शिकले. कसे आहेत?"

मुहय्योने सांगितलं. बाई खरोखर रडल्या. शेजारच्या खिडकीतल्या बाईला बोलावून सांगितलं, तीही रडली. दोघींनी मिळून तळवे उघडून दुवा वाचली, मागची रांग थांबून राहिली. मग बाईंनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "लाइन त्यांच्या नावावर आहे. तपासणीचा अर्ज त्यांनाच द्यावा लागेल."

"पण ते—"

"कळतंय गं मला. माझ्या जिवाला काय वाटतंय ते मलाच माहीत. पण सही त्यांचीच लागते."

मागून एक म्हातारा ओरडला, "अहो, द्या ना तिला! वारलेत म्हणतेय ना!"

"वारलेत तर दाखला आणा, मग लाइन बंद करून देते," बाई म्हणाल्या. "चालू ठेवायची असेल तर ते स्वतः."

तिथून परत येताना मुहय्योने ठरवलं, की हा नाद सोडायचा. सोडलाही असता. पण चौथ्या मजल्यावर ल्यूदा ओपांनी तिला अडवलं.

ल्यूदा ओपा म्हणजे ल्यूदाताई, पूर्ण नाव ल्युदमिला त्सोय. त्यांचे आजोबा कोरियातून कुठून कुठून फिरत इथे आलेले. आता त्यांचा मुलगा उलट्या वाटेने सोलला जाऊन कारखान्यात लागला होता. रोज सकाळी त्याच्याशी दहा मिनिटं बोलायचं, एवढ्यावर बाईंचा दिवस उभा असायचा. त्या दारातच उभ्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता.

"मुहय्यो, आत ये. मला काही कळत नाहीये. तुझे वडील माझ्यावर रागावलेत."

संगणकाच्या पडद्यावर पांढरं पान होतं. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं:

*ल्यूदा ओपा, ही काय वेळ आहे का तुमचा मुलगा उद्या पाळीवर जाणार आहे त्याला झोपू द्या आणि तुम्हीही झोपा. इस्मात*

बाहेर लख्ख सकाळ होती.

मुहय्यो खुर्चीवर बसली. तीन वाक्यांत एकच पूर्णविराम, प्रश्नचिन्ह नाहीच. तिचा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला आणि थांबला. वडील तसेच बोलायचे. मध्ये श्वासही न घेता.

"आजचं नाही हे," ल्यूदा ओपा कुजबुजल्या. "रोज सकाळी येतं. दुपार झाली की आपोआप जातं आणि सगळं नीट चालतं. मग अंधार पडला की काहीच नाही. रागावणंसुद्धा नाही."

बातमी जिन्यात नवी नव्हतीच, मुहय्योपर्यंत तेवढी आली नव्हती. घराघरात ही पानं येत होती. वडलांनी प्रत्येकासाठी वेगळं लिहून ठेवलं होतं. रात्री बारानंतर सकाळपर्यंत इंटरनेट बंद, हा त्यांचा नियम, आणि तो मोडू पाहणाऱ्याला पेटी हे पान दाखवायची. गेन्नादी पाव्लोविचांना यायचं, *गेन्नादी पाव्लोविच तो घोडा उद्याही तिथेच असेल डोळ्यांत थेंब घाला.* मिरचीवाल्या बाईंना नुसतं, *पुरे.* पण आता ही पानं भर दिवसा येत होती आणि रोज तीच तीच वेळ साधून येत होती.

"सकाळी रागावतात, दुपारी निवतात, दिवेलागणीला गप्प होतात," गेन्नादी पाव्लोविच जिन्यात गंभीरपणे म्हणाले. "जिवंतपणी तरी वेगळं काय होतं?"

मिरचीवाल्या बाईंनी पेटीवर पाणी मंतरून शिंपडायची सूचना केली. पाणी आणि वीज एकत्र आल्यावर काय होतं ते गेन्नादी पाव्लोविचांनी समजावून सांगितलं, फार बारकाईने सांगितलं. सूचना मागे घेतली गेली.

संध्याकाळी तोलागान आका स्वतः आले. अध्यक्ष म्हणजे अध्यक्षासारखे, डोक्यावर काळी दोप्पी, हात पाठीमागे. दुवा वाचली, चहा घेतला, मुद्द्यावर आले.

"पोरी, लोक घाबरलेत. मेलेल्या माणसाने घराघरांत दम देत फिरणं बरं नाही. शनिवारी जमोल येईल, पेटी घेऊन जाईल, पुसून स्वच्छ करेल. मग ती समितीच्या कचेरीत ठेवू. सगळ्यांनाच सोयीचं."

"पुसून म्हणजे?"

"म्हणजे आतलं जुनं सगळं जाईल," जमोल मागून म्हणाला. "एकदम कोरी होईल."

मुहय्योने रिकाम्या वाट्या गोळा केल्या. वडलांचा आवाज कुठल्याही फितीवर नव्हता. पत्रं ते कधी लिहीत नसत. फोटोत ते नेहमी दुसरीकडेच पाहत असत. जगात त्यांचं बोलणं उरलं होतं ते एवढंच, शेजाऱ्यांना दिलेला दम.

"शनिवारच्या आत नीट झाली तर?" तिने विचारलं.

"तर उत्तमच," तोलागान आका म्हणाले, ज्या सुरात माणसं 'पाऊस आला तर उत्तमच' म्हणतात.

दुसऱ्या दिवशी तिने रजा घेतली आणि आपल्या घरच्या संगणकावर तशीच चूक करून पाहिली. सकाळी लवकर बसली, पान उघडलं. इंटरनेट बिनबोभाट चालू. पुन्हा केलं. चालूच. मग तिला कळलं. जिन्यातल्या प्रत्येक घराला रात्रीची बंदी होती, तिच्या घराला नव्हती. प्रत्येकासाठी एक नकार लिहिलेला होता. तिच्यासाठी वडलांनी नकार लिहिलाच नव्हता.

एखाद्या घरी सगळ्यांना जेवायला बोलावून आपल्यालाच वगळावं, तसं काहीतरी तिला वाटलं. वाटणं उलटं आहे हे तिला समजत होतं, पण वाटायचं ते वाटलंच.

दिवेलागणीला ती त्या खोलीच्या दाराशी गेली. आत सलोमत आत्या होती. गेलेल्या माणसाच्या खोलीत चाळीस दिवस दिवा तेवत ठेवायचा, म्हणजे त्याच्या जिवाला घरची वाट सापडते. पाचव्या मजल्यावर तेलाचा दिवा नको म्हणून मौलवींना विचारून आत्याने विजेचा छोटा दिवा आणला होता. तो तिने हातात धरला होता, आणि दुसऱ्या हाताने भिंतीतून एक प्लग उपटत होती.

घरघर थांबली. खोलीत अशी शांतता पसरली, की मुहय्योला वडलांच्या श्वासाचीच आठवण झाली. आत्याने दिव्याचा प्लग लावला. दिवा पेटला.

"आत्या," मुहय्यो म्हणाली, "हे रोज करता तुम्ही?"

"मग? भिंतीत भोक एकच आहे."

"पण ते पेटीचं—"

"माहीत आहे मला, पेटीचं आहे ते. सकाळी नमाज झाली की परत लावते ना! विसरले का एक दिवस तरी?" आत्याने दिव्याची वात सारखी करावी तशी त्याची टोपी सारखी केली. "रात्र रात्र जागायचा या यंत्रापायी. कितीदा सांगितलं, इस्मात, झोप. ऐकलं नाही. आता तरी झोपू दे त्याला. रात्री दिवा, दिवसा यंत्र. मी म्हटलं, दोघांचंही होईल."

मुहय्यो दारातच खाली बसली. चूक सापडली होती. आणि इतकी नीटनेटकी चूक होती, की तिच्यावर रागावायला जागाच नव्हती.

या पेटीला बंद करायचं नसतं, असं वडील नेहमी म्हणायचे. तिच्या आतली घड्याळाची बॅटरी केव्हाच मेलेली. ती बदलायची कशाला, मी काय तिला बंद करणार आहे का, हेही म्हणायचे. रोज पहाटे आत्या प्लग लावी आणि पेटी जागी होई ती मध्यरात्री, एका फार जुन्या वर्षाच्या पहिल्या तारखेला. मग सकाळभर तिच्या हिशेबी रात्र असे आणि ती सगळ्यांना झोपायला हाकलत असे. दुपार होता होता तिची सकाळ उजाडे. आणि दिवेलागणीला आत्या येई.

"पण इथे तर लांब बोर्ड होता ना," मुहय्योला एकदम आठवलं. "पाच भोकांचा. त्यांनी स्वतः बनवलेला, निळ्या वायरीचा."

"तो मय्यताच्या दिवशी खाली नेला अंगणात. कढयांवर दिवे लावायला."

"मग?"

"मग काय. बाकं, कढया, बोर्ड, सगळं मोहल्ल्याच्या गाडीतून गेलं."

मोहल्ल्याच्या कोठाराची किल्ली तोलागान आकांच्या कमरेला असे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एकदा कोठारात आलेली वस्तू कोठाराची, असं त्यांचं म्हणणं पडलं. अर्ज करा, बैठकीत घेऊ. बैठक कधी? सोमवारी. आणि जमोल येणार कधी? शनिवारी.

"तोलागान आका, तो बोर्ड माझ्या वडलांच्या मय्यतातून चुकून गेला."

"पोरी, मय्यतातून चुकून काही जात नाही," ते म्हणाले आणि हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की त्यांनी ते पुन्हा म्हटलं. मग थोडं ओशाळून पुढे म्हणाले, "शिवाय तो कोठारात नाहीये आत्ता. पलीकडच्या अंगणात लग्न आहे, तिकडे गेलाय."

पलीकडच्या अंगणातून गाणं ऐकू येतच होतं. मुहय्यो फाटकापर्यंत गेली आणि थांबली. अंगावर सुतकाचा गडद निळा पोशाख. या कपड्यांत दुसऱ्याच्या लग्नात पाऊल टाकणं म्हणजे नवरीच्या कपाळी आपल्या हाताने काळं लावणं. फाटकातून तिला तो दिसत होता. निळी वायर, वडलांनी गुंडाळलेली काळी पट्टी, एका भोकाला लागलेलं वाकडं झाकण. गवयाच्या भोंग्यांच्या पायाशी पडलेला.

"तुम्ही थांबा," मागून आवाज आला. गेन्नादी पाव्लोविच घरातल्या सपाता घालून तिच्या मागे मागे आले होते. "मी रशियन माणूस. माझ्याने काही अपशकुन होत नाही. झाला तर तो आधीच होऊन गेलाय."

"सांगून मागा त्यांना, नीट—"

पण ते आत शिरले होते. नीट मागायचं त्यांच्या मनातही असावं. मात्र लग्नात वेळच मिळाला नाही. कुणी त्यांच्या हातात चहा दिला, कुणी नाचायला ओढलं. ते मान हलवत, नमस्कार करत, कसेबसे भोंग्यांपर्यंत पोचले, वाकले आणि सिग्नलवाल्याच्या सवयीने पाळी संपताना मुख्य दांडी ओढावी तसा बोर्ड भिंतीतून उपटला.

गाणं मधल्याच अक्षरावर तुटलं. दिवे गेले. नवरी नवऱ्याला लवून सलाम करत होती, ती अर्ध्यावर तशीच राहिली. अख्खं लग्न वळून सपातांतल्या एका म्हाताऱ्याकडे बघू लागलं. त्याच्या एका हातात निळी वायर होती आणि दुसऱ्या हातात चहाची वाटी, तीही न सांडता धरलेली.

"चोर!" कुणीतरी ओरडलं.

"चोर नाही," गेन्नादी पाव्लोविच म्हणाले. "हा इस्मातुल्लाचा आहे. त्याच्या दिव्यासाठी हवाय."

अंधारात कुजबुज फिरली. नवरीचा बाप गर्दीतून पुढे आला. त्याने फाटकाकडे पाहिलं, तिथे निळ्या पोशाखातली बाई उभी होती. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. बोर्डाची बाकीची वायर स्वतः गोळा केली, फाटकाबाहेर येऊन तिच्या हातात दिली आणि तिथेच, उंबऱ्याबाहेर, तळवे उघडले. मागे अख्ख्या लग्नाने अंधारात उभं राहून दुवा वाचली.

मग तो म्हणाला, "पुलाव नेल्याशिवाय जायचं नाही." आणि लग्नात आलेल्या जमोललाच पिटाळलं, दुसरा बोर्ड आण म्हणून.

घरी आल्यावर मुहय्योने बोर्ड लावला. एका भोकात दिवा, दुसऱ्यात पेटी. घरघर सुरू झाली. खोलीत चष्मा होता. डाळिंब नव्हतं. आत्याने फेकलं असावं, किंवा खाल्लं असावं.

पेटीच्या पडद्यावर तारीख आणि वेळ आली. जुन्या वर्षाची पहिली. त्या तारखेला वडील नुकतेच निवृत्त झाले होते, आणि पुढची सगळी वर्षं त्यांच्या हातात होती. पेटीच्या हिशेबी ते आताही बाहेरच्या खोलीत चहा पीत बसलेले असतील. खरी तारीख लिहायची म्हणजे तो सगळा काळ एका ओळीत ओलांडून पलीकडे यायचं. मुहय्योने आकडे लिहिले आणि पक्कं करायची कळ न दाबताच हात बाजूला घेतला.

"काय विचारतंय ते?" आत्याने मागून विचारलं.

"आज कोणती तारीख, ते."

आत्याने दिवा जरा पेटीजवळ सरकवला. "मग सांग ना त्याला," ती म्हणाली. "कुणीतरी सांगायलाच हवं."

मुहय्योने सांगितलं.

जिन्यात एकेक दार उघडत गेलं. "आलं!" "आलं का तुमच्याकडे?" चौथ्या मजल्यावर ल्यूदा ओपा मोठमोठ्याने मुलाशी बोलू लागल्या. परदेशी बोलायचं तर ओरडावंच लागतं असा त्यांचा समज होता.

शनिवारी जमोल आला, सगळं चालू पाहून नाराज झाला आणि पुलाव खाऊन गेला. पेटी खोलीतच राहिली.

रविवारी सकाळी जिन्यात गेन्नादी पाव्लोविच भेटले. डोळे लाल, चेहरा समाधानी.

"काल रात्री बारा वाजता हाकललं मला," ते म्हणाले. "मुद्दाम बसलो होतो. आता वेळेवर रागावतात."

मुहय्यो हसली. मग ल्यूदा ओपांना, त्या दारात उभ्या होत्या म्हणून, सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की आमच्या घरासाठी त्यांनी काही लिहूनच ठेवलेलं नाही. आम्हाला कधी बंदच नव्हतं.

ल्यूदा ओपांनी दार थोडं अधिक उघडलं.

"रात्री बारानंतर ये माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "मी जागीच असते. मला बोलतील ते, तू ऐक."